३८ ग्रॅमचा जीव

कोथरूड, पुणे
२० एप्रिल

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. चिऊच्या वाढदिवसाला हॅमस्टर आणला, त्याचं नाव गोटी ठेवलं, आणि तो हापूसची फोड दोन हातांत धरून खातो, हे तू इतक्या कौतुकानं लिहिलंस की तो डोळ्यांसमोर उभा राहिला. मीही हे सगळं पाहिलेलं आहे. म्हणूनच फोन न करता लिहायला बसलो. फोनवर मी 'आंबा देऊ नकोस' एवढंच म्हटलं असतं आणि तू 'बरं' म्हणाला असतास. कारण कळल्याशिवाय असं 'बरं' फार दिवस टिकत नाही.

आमचा तीळ तुला आठवत असेल. तू आला होतास तेव्हा तो तुझ्या बाहीत शिरून बसला होता. पाठीवर शेपटीपर्यंत काळी रेघ आणि मुठीत मावेल एवढा देह. दुकानात विचारलं तर 'हॅमस्टर आहे, सगळं खातो' एवढंच सांगितलं होतं. आम्हीही पुढे काही विचारलं नाही. रात्री जेवणं झाली की आम्ही फळं कापायचो, त्यातली एक फोड त्याची. केळं, चिकू, सासवडची अंजिरं, मार्चनंतर तुझ्या पेटीतला हापूस. तो जागा व्हायचा तो नेमका त्याच वेळी, आणि वास आला की जाळीला नाक लावून उभा राहायचा. त्याला नाही म्हणणं जमतच नसे.

त्या मे महिन्यात त्याची पाण्याची बाटली दोन दिवसांत रिकामी होऊ लागली. पूर्वी ती आठवडाभर पुरायची. पुण्यात पारा चाळिशीला टेकला होता, त्यामुळे उन्हाळाच असणार असं आम्ही धरून चाललो. पिंजऱ्याचा एक कोपरा सतत ओला असायचा, तोही आम्ही बाटली गळत असेल म्हणून सोडून दिला. पंधरा-वीस दिवसांनी त्याचं खाणं तेवढंच असूनही पाठ हाताला हाडकुळी लागली, तेव्हा डॉक्टरांकडे नेला. त्यांनी लघवीच्या थेंबावर पट्टी टेकवली आणि रंग बघून सांगितलं, मधुमेह. मग काट्यावर ठेवला. ३८ ग्रॅम.

अव्या, हे वजन मला आधी माहीत असतं तर फार बरं झालं असतं. घरी येऊन मी हिशोब मांडला. माझं वजन ६८ किलो, म्हणजे त्याच्या जवळजवळ १८०० पट. त्याला देत होतो ती 'लहानशी' फोड १० ग्रॅमची तरी असेल. माझ्या मापात ती झाली १८ किलो. तुझ्या पाच डझनांच्या अख्ख्या पेटीतूनही तेवढा गर निघायचा नाही. तो सगळी फोड खात नसे हे खरं, थोडी खाऊन बाकीची गालात भरून घरट्यात न्यायचा आणि रात्रभर तिथे खात बसायचा. पण फोड आपल्या बोटांना लहान वाटली म्हणून त्याच्यासाठी ती लहान होत नाही.

आंब्यानंच मधुमेह झाला असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत. पाठीवर रेघ असलेली ती बुटकी जात, कॅम्पबेल म्हणतात तिला, तिच्यात मधुमेहाची ओढ जन्मतःच असते. पण अशा जिवाला रोज रात्री साखर खाऊ घालणं म्हणजे त्या ओढीला हात देणं. १०० ग्रॅम आंब्यात साधारण १४ ग्रॅम साखर असते. द्राक्षांत त्याहून थोडी जास्त, केळ्यात १२, सफरचंदात १०, स्ट्रॉबेरीत मात्र ५ च्या आसपास. तीळ त्यानंतर चार महिने जगला. फळ पूर्ण बंद केलं होतं आणि ते चार महिने त्यानं बऱ्यापैकी काढले. पण रात्री नऊ वाजता तो जाळीशी येऊन उभा राहायचा ते शेवटपर्यंत.

म्हणून आधी गोटीला ओळख. वाणसामान मोजायचा डिजिटल काटा घे, त्यावर वाटी ठेवून शून्य कर आणि गोटीला वाटीत बसव. मोठा झालेला सोनेरी, म्हणजे सीरियन हॅमस्टर १०० ते १५० ग्रॅम भरतो आणि वीतभर नसला तरी तळहात भरून टाकतो. बुटक्या जाती ३० ते ५० ग्रॅमच्या, रोबोरोव्हस्की तर २५ च्याच आसपास. गोटी पाठीवर रेघ असलेला बुटका निघाला तर फळ देऊच नको. काकडीचा तुकडा, ढोबळी मिरचीची चकती, कोथिंबिरीची एखादी काडी दे. चिऊला हातानं भरवायचंच असतं ना, ते काकडीनंही होतं. सीरियन निघाला तर फळ चालेल, पण त्याचंही माप आहे आणि ते मी आता लाडूवर सांभाळतो आहे.

लाडू ही आमची सीरियन मादी, १३० ग्रॅमची, दीड वर्षाची. तिला आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, वाटाण्याएवढा फळाचा तुकडा मिळतो. बाकी रोजचं खाणं दाण्यांचंच. फळ हा खाऊ आहे, तिचं जेवण नाही. शेजारचे काका म्हणाले होते, फळ नाही दिलं तर क जीवनसत्त्व कुठून मिळणार? ते गिनीपिगचं झालं. गिनीपिगला क जीवनसत्त्व बाहेरूनच द्यावं लागतं, हॅमस्टर ते स्वतःच्या शरीरात तयार करतो. आणि मुळात हे प्राणी फळबागेतले नाहीतच. १९३० साली इस्रायल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञानं सीरियात अलेप्पोजवळच्या शेतातलं एक बीळ खणून मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली, आणि जगभर पाळले जाणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच कुटुंबातले. कोरडा, मोकळा मुलूख. तिथे मिळणार धान्य, बिया, कोवळे कोंब, किडे. हे वाचल्यावर लाडू गव्हाचे दाणे गालात भरते ते मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

गालांवरून आठवलं. त्या पिशव्या खांद्यापर्यंत जातात, आणि चिकट काही आत गेलं की बाहेर निघत नाही. लाडू नवी असताना तिला केळ्याचा तुकडा दिला होता. दुसऱ्या दिवशी एकच गाल फुगलेला आणि ती पंजानं सारखी खरवडत होती. डॉक्टरांनी कोमट पाण्यानं धुऊन तो गोळा काढला. तेव्हापासून केळं बंद. तुमच्याकडे कोकणात तर फणस आहे. त्याचा गरा तिच्या गालात जाण्याच्या कल्पनेनंही मला धास्ती वाटते. तो देऊ नकोच. मनुका आणि सुका मेवाही नको. मनुका म्हणजे अख्ख्या द्राक्षाची साखर, नुसतं पाणी गेलेलं.

बियांचं मात्र नीट लक्षात ठेव. सफरचंद आणि नासपती चालतात, पण बी एकही राहता कामा नये, त्यातून पोटात सायनाइड सुटतं. पीच, जर्दाळू, आलुबुखार यांच्या आठळीचंही तेच. सीताफळाच्या बिया वाटून आपल्या आज्या उवांवर लावायच्या आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका म्हणून दहादा बजावायच्या. माझ्या घरी पुरंदरची सीताफळं येतात त्या दिवसांत मी तेवढ्यासाठी ताटं लगेच उचलतो. संत्रं, मोसंबं, लिंबू फार आंबट, तेही नको. अव्होकाडो विषारीच. आणि फळ कापायची सुरी वेगळी ठेव. त्याच सुरीनं आधी कांदा चिरलेला असतो आणि कांदा-लसूण त्यांना घातक.

लाडूला सगळ्यांत मानवली ती स्ट्रॉबेरी. हिवाळ्यात महाबळेश्वरची डबी मंडईतून आणतो. फवारणी पुष्कळ असते म्हणून वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुतो, पुसून कोरडी करतो आणि एक फळ सोळा तुकडे होईल असं कापतो. पंधरा तुकडे आम्ही खातो. कोणतंही नवं फळ द्यायचं तर एका वेळी एकच, आणि मग दोन दिवस लेंड्या कशा आहेत ते बघायचं. गोटी अगदी पिल्लू असेल तर थोडा थांब, त्या वयात पोट फार नाजूक असतं. आणि अव्या, शेपटीखालचा भाग ओला दिसला, तो पाठ वाकवून कोपऱ्यात बसला, तर सकाळची वाट बघू नको. या प्राण्यांना ओकताही येत नाही, आणि एवढ्याशा अंगातलं पाणी काही तासांत संपतं.

दिलेलं फळ तो तुझ्यासमोर खाईलच असं नाही. लाडू तोंडात धरून सरळ घरट्यात जाते. एकदा भुशाखाली पांढरी बुरशी धरलेला स्ट्रॉबेरीचा तुकडा सापडला, दुसऱ्यांदा लाल मुंग्यांची रांगच आत चालली होती. आता सकाळी ब्रश करायच्या आधी मी तिचं कोठार बघतो आणि ओलं तेवढंच उचलतो. दाण्यांना हात लावत नाही. सगळं साफ केलं की ती दिवसभर सैरभैर होते, रिकाम्या कोपऱ्यात उकरत राहते. मला ते बघवत नाही.

आता आईचं सांगतो, कारण तुमच्याकडेही काकू आहेत. आईच्या लेखी लाडू म्हणजे गणपतीचं वाहन. मागच्या गणेशोत्सवात तिनं नैवेद्याच्या मोदकातलं सारण तिच्या वाटीत ठेवलं. गूळ आणि खोबरं. मी रागावलो नाही, रागावून उपयोगही नव्हता. आईला काट्यापाशी नेलं, लाडूला वाटीत बसवलं आणि आकडा दाखवला. मग तिचं स्वतःचं वजन विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढीशी आहे होय ती." त्या दिवसापासून आरती झाली की ती काकडीचा एक तुकडा निवडून, साल काढून, स्वतः पुढे करते. लाडूही तिच्याच हातातून आधी घेते. चिऊला आणि काकूंना समजावताना काटाच पुढे कर, तुझे शब्द कमी पडतील.

तर मला दोन गोष्टी कळव. गोटीचं वजन, आणि पाठीचा फोटो. वहिनींना नमस्कार, चिऊला खूप खूप आशीर्वाद. हे पत्र मिळेल त्या रात्री त्याच्या वाटीत आंबा असेल तर तेवढा काढून घे, आणि घरट्यातही बघ.

तुझा,
मन्या

ता. क. गोटी कधी आजारी पडलाच तर घरात आहे म्हणून माणसांचं अँटिबायोटिक देऊ नको. पेनिसिलिनच्या जातीची औषधं हॅमस्टरच्या जिवावर बेततात. रत्नागिरीत छोट्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर कोण, ते आजच विचारून ठेव आणि नंबर फ्रिजवर लाव.