पालवी फुटली म्हणजे मूळ धरले असे नव्हे

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की ‘हिरवी फांदी तोडा, मेडेवर (शेताच्या बांधावर) खोचा, चारा फुकट’ हा चाऱ्याच्या झाडांबाबतचा सल्ला इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडच्या गोठ्यांपर्यंत हमखास पोहोचतो. आपल्या रविवारच्या अंकातही तो आला, म्हणून हे पत्र.

खोचलेल्या काडीला थोड्याच दिवसांत पालवी फुटते, माणसे खूश होतात आणि पुढे काडी खालून काळी पडते. ती पालवी काडीतल्या अन्नसाठ्यावर फुटलेली असते. मुळांचा पत्ता नसतो. त्यात माळव्याची काळी माती. जुलैच्या झडीत ती फुगून घट्ट बसते, हवा खेळत नाही आणि काडीचे बूड कुजते.

तुतीसाठी घाई नकोच. माघ-फाल्गुनात, नवी फूट निघण्याआधी, सहा ते आठ महिन्यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या घ्याव्यात. शेंड्याकडचा कोवळा भाग टाकून द्यावा. तुकडे १५ ते २० सें.मी.चे, प्रत्येकावर तीन-चार डोळे. खालचा छाट डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ. म्हणजे काडी उलटी लावली जात नाही. (उलटी काडी रुजत नाही, आणि गडबडीत हे फार होते.) माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग घेऊन पिशव्या भराव्यात, एक डोळा वर ठेवून काडी पुरावी आणि भोवतीची माती बोटांनी दाबावी, पोकळी राहिली की बूड सुकते. पिशव्या अर्धसावलीत ठेवून ओल टिकेल इतकेच पाणी द्यावे. काडी हलवून पाहण्याचा मोह आवरावा, पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळे दिसली की समजावे. तीन-चार महिन्यांत रोप तयार होते, तोवर पाऊस आलेलाच असतो. रूटिंग पावडरीवर (मुळे फुटण्यासाठी काडीला लावायच्या औषधावर) पैसे घालवायची तुतीला सहसा गरज पडत नाही.

गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) फांदी मात्र थेट मेडेवर लावता येते, पण ती तपकिरी सालीची, ३ ते ५ सें.मी. जाड आणि मीटर-दीड मीटर लांब हवी. सगळी पाने काढून हातभर खोल गाडावी. पाणी तुंबणारी जागा टाळावी. एक अडचण उरतेच: फांदीपासून झालेल्या झाडाला सोटमूळ नसते, वारा-दुष्काळात ते डगमगते. कुंपणाला चालेल, चाऱ्याचा सलग पट्टा करायचा तर बियांपासूनच रोपे करावीत. शेवग्याचेही तेच, फांदी लागते पण दाट लागवडीला बी बरे. सुबाभळीच्या काड्या खोचण्यात तर वेळच जातो. तिचे बी ८० अंश गरम पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे.

आणि उन्हाळाभर हिरवा पाला मिळेल हे गिरिपुष्पाबाबत गृहीत धरू नये. थंडी-कोरड पडली की ते पाने गाळते. पावसाळ्याच्या अखेरीस छाटणी केल्यास पाने जरा उशिरापर्यंत टिकतात. वासामुळे गुरे सुरुवातीला तोंड लावत नाहीत. पाला काही तास सुकवून गव्हाच्या भुशात थोडा थोडा मिसळत जावे. घोड्याला मात्र तो अजिबात घालू नये, विषारी ठरतो.

— चारावृक्षांची रोपे करणारे काही वाचक, इंदूर