एसलिंगेनच्या स्वयंपाकघरातून नाना आणि आईला

एसलिंगेन, जर्मनी
सोमवार, ऑक्टोबर

तीर्थरूप नाना आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मी येथे सुखरूप आहे. प्रकृती चांगली आहे, खोली गरम राहते, आणि सकाळ-संध्याकाळ जेवण वेळेवर होते. पत्र लिहिण्यास कारण की, नानांनी परवा फोनवर "पोरी, तू तिथे नेमके काय रांधतेस?" असे विचारले, त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. तुमच्या बाजूला भाऊकीतली मंडळी बसली होती, माझ्या बाजूला भांड्यांचा आवाज होता, आणि ज्या घरात आजोबांपासून सगळे माळकरी आहेत त्या घराला हे उत्तर दोन वाक्यांत देऊन फोन ठेवणे मला बरे वाटले नाही. आज आमचे उपाहारगृह बंद असते, म्हणून सविस्तर लिहिते.

होय, येथे गोमांस शिजते. या श्वाबेन प्रदेशात रविवारी घरातली माणसे बाहेर जेवायला जातात तेव्हा बहुतेक जण त्स्वीबेलरोस्टब्राटेन मागवतात, म्हणजे कमरेकडच्या मांसाची बोटापेक्षा जाड चकती, वर ढीगभर तळलेला कांदा, खाली गडद रस्सा आणि शेजारी श्पेत्सले नावाच्या अंड्याच्या पिठाच्या शेवया. हे नसेल तर आमचे उपाहारगृह चालणारच नाही. परंतु मी ते खात नाही. मांस भाजण्याच्या शेगडीवर रोज दुसरा सहकारी असतो आणि माझ्याकडे कांदा, फळे, भाज्या आणि श्पेत्सले आहेत. आचारी होण्याच्या तीन वर्षांच्या या शिक्षणाच्या शेवटी परीक्षेत मला सगळेच करून दाखवावे लागणार आहे, त्यामुळे मांसाचे कामही मी शिकले आहे आणि चव घेणे हा त्या शिकण्याचा भाग आहे. तिथे मी रस्सा चमच्याच्या टोकाने जिभेला लावते आणि लगेच चूळ भरते. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे, एवढ्यासाठी लिहिले आहे. स्वयंपाकघरात गळ्यात-हातात काही घालू देत नाहीत, म्हणून माळ कामाच्या वेळेपुरती खोलीतल्या डबीत असते आणि रात्री हातपाय धुऊन मी ती पुन्हा घालते. आज सुट्टी आहे, आज ती सकाळपासून गळ्यात आहे.

आईला काळजी वाटते की हे लोक कच्चे मांस खातात आणि ते रक्त माझ्या हाताला लागते. आई, तसे नाही. चकती आतून गुलाबी ठेवतात हे खरे, पण तिच्यातून जो लाल रस निघतो तो रक्ताचा नसतो, स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा तो रंग असतो. मांस शिजवण्याआधी थंड पेटीतून काढून ठेवतात, कागदाने कोरडे टिपतात आणि कडेच्या चरबीला चिरा देतात, म्हणजे ते तव्यावर वाकत नाही. कोरडे का, तर ओल असेपर्यंत तव्याची उष्णता पाणी उडवण्यातच जाते आणि साधारण १४० अंशांच्या वर गेल्याशिवाय तो खमंग तपकिरी रंग धरत नाही. माइयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचे वर्णन केले, आणि तुझ्या भाकरीवर जे डाग पडतात तेही त्यातूनच पडतात. भाजायला कढवलेले लोणी वापरतात, म्हणजे तूपच, कारण साध्या लोण्यातला दुधाचा अंश एवढ्या आचेला जळतो. आतली उष्णता ५५ अंशांच्या आसपास आली की उतरवतात आणि काही मिनिटे उबेला तसेच ठेवतात, म्हणजे कापल्यावर रस ताटात वाहून जात नाही. हे सगळे मला आता चांगले जमते.

कांद्याबद्दल मात्र मला सावकाश लिहायचे आहे, कारण ते नानांना कळेल. येथे कांदा दोन तऱ्हांनी होतो. एकात पातळ कड्या कापून, पीठ आणि थोडी लाल मिरचीपूड भुरभुरवून कुरकुरीत तळतात. दुसऱ्यात लोण्यात अगदी मंद आचेवर पाऊण तासभर परततात, आणि तो पूर्ण मऊ होऊन मधासारख्या रंगाचा होतो. या दुसऱ्यात साखर घालायची नाही, असा आमच्या मुख्य आचाऱ्यांचा कडक नियम आहे. बाजारात एक मोठा, पाणीदार, सौम्य कांदा मिळतो. नवीन मुले कच्चा चाखून पाहतात, तो गोड लागतो, आणि त्यांना वाटते की हाच परतून जास्त गोड होईल. तसे होत नाही. साठवणीच्या तिखट कांद्यात साखर बहुतेक वेळा जास्तच असते. ती गंधकाच्या झणझणीत द्रव्यांखाली जिभेला लागत नाही इतकेच, आणि आचेवर ती द्रव्ये उडून गेली की खालची गोडी वर येते. पाणीदार कांदा मात्र तेवढ्या वेळात गळून लगदा होतो. म्हणजे कांदाचाळीत चार-पाच महिने टिकणारा आपला उन्हाळी कांदा या कामाला सगळ्यांत योग्य ठरला असता.

नाना, माल येतो तेव्हा गोणी उघडून निवड करायला मला बोलावतात. मान बारीक आणि पूर्ण वाळलेली आहे का, वरचा पापुद्रा घट्ट आहे का, कुठे कोंब किंवा काळी पूड आहे का, हे मी तुमच्याबरोबर लासलगावला लिलावाला येऊन शिकले. मुख्य आचाऱ्यांनी एकदा आपल्या चाळीबद्दल विचारले, तेव्हा जमिनीपासून उंच तळ, दोन्ही बाजूंनी वारा खेळणाऱ्या फळ्या आणि रुंदी कमी ठेवण्याचे कारण मी कागदावर काढून दाखवले. तो कागद कोठीच्या दारावर लावला आहे. शिवाय मी ज्या गावात आहे त्याचेही कांद्याशी नाते आहे. येथील दंतकथा अशी आहे की, सैतान प्रवाशाच्या वेषात बाजारात आला आणि त्याने एका विक्रेतीकडे सफरचंद मागितले. तिने त्याचा खूर ओळखला आणि सफरचंदाऐवजी कांदा हातावर ठेवला. तो चावून कळवळला आणि त्याने शाप दिला की यापुढे या गावच्या लोकांना कांदेच म्हणावे. लोकांनी तो शाप मान म्हणून घेतला आहे, आणि अनेक वर्षे उन्हाळ्यात बाजारचौकात कांद्याची जत्रा भरत असे.

आता फळांची गोष्ट. ही मी सविस्तर सांगते, कारण येथील ही रीत समजायला मला फार वेळ लागला आणि आत्याला तर ती खोटीच वाटली होती. शरद ऋतूत रानातल्या हरणाचे मांस येते, आणि त्याच्या शेजारी ताटात अर्धे नासपतीचे फळ उताणे ठेवतात. ते सोलून, मधला गाभा गोल चमच्याने काढून, पाणी, साखर, लिंबू आणि लवंग घालून हलके शिजवलेले असते. वाइनही घालतात. त्या खळग्यात प्राइझेलबेअर नावाच्या वाटाण्याएवढ्या लाल, आंबट-कडसर रानफळांचा मुरंबा भरतात. हे जेवणानंतरचे गोड नव्हे. ते आधी संपवायचे नसते, शेवटी राखायचे नसते आणि रश्श्यात कालवायचेही नसते. मांसाच्या प्रत्येक घासाबरोबर सुरीच्या टोकाने मुरंब्याचा कण आणि नासपतीचा लहान तुकडा घ्यायचा, असा क्रम आहे. आजी-आजोबा नातवंडांना तो शांतपणे शिकवताना मी पाहते. रानातल्या प्राण्याच्या मांसाला चरबी कमी आणि वास उग्र असतो, त्याला आंबट-गोड काहीतरी लागते, आणि ही फळे त्याच जंगलांत उगवतात. त्यांच्यात मुळातच बेंझोइक आम्ल असते, त्यामुळे ती टिकतात आणि जुन्या काळी हिवाळाभर पुरत असत. बाडेन-बाडेन या गावाच्या नावाने हरणाच्या पाठीच्या मांसाचा जो पदार्थ ओळखला जातो, त्यात ही भरलेली नासपती हवीच. तिकडे बर्लिनला कलेजीबरोबर सफरचंदाच्या चकत्या आणि परतलेला कांदा एकाच ताटात देतात. आई, तू पुरणपोळीच्या ताटात कटाची झणझणीत आमटी वाढतेस आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही, तसे यांचे आहे.

यावरूनच एक गोष्ट झाली, ती तुला सांगायची राहिली होती. सप्टेंबरात येथे लांबट निळी आलुबुखारे स्वस्त आणि भरपूर येतात. मुख्य आचाऱ्यांनी प्रत्येकाला रोस्टब्राटेनबरोबर देण्यासाठी काहीतरी आंबट-गोड करून दाखवायला सांगितले. मी तुझा मेथांबा केला. कैरीच्या जागी आलुबुखारे, गुळाच्या जागी येथील तपकिरी साखर, आणि जोडीला मंद परतलेला तिखट कांदा. फोडणीत मोहरी आणि मेथीचे दाणे तुझ्याच पद्धतीने तांबूस होईपर्यंत तळले, जास्त नाही, नाहीतर कडू होतात. त्यांनी तो दोनदा चाखला, थोडे व्हिनेगर वाढवायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी दारावरच्या पाटीवर लिहिला. लोक तो पुन्हा मागतात. मला खूप आनंद झाला आणि त्याच रात्री झोपही आली नाही, कारण तुझ्या हातचा पदार्थ मी कशाच्या शेजारी ठेवला हे मला माहीत होते. पोळ्याला धाकट्याने आपली बैलजोडी रंगवून, झूल घालून फोनवर दाखवली तेव्हा मी कोठीत उभी राहून ती पाहिली आणि पुढे काही बोलू शकले नाही. आपल्या राज्यात २०१५ पासून बैलालाही कायद्याचे संरक्षण आहे, येथे तसे नाही, आणि येथील माणसे वाईट आहेत असेही नाही. ती आपल्या अन्नाचा मान ठेवतात, ताटात काही टाकत नाहीत आणि माझ्यासाठी मांसाचा हात न लागलेला वेगळा तवा त्यांनी स्वतःहून ठेवला आहे. आई, तुला राग आला असेल तर मला रागानेच सांग, पण त्याबद्दल फोनवर गप्प बसू नकोस.

दिवाळीला येणे होणार नाही. नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला सफरचंद भरलेल्या हंसाची जेवणे असतात आणि त्या दिवसांत शिकाऊ मुलांना सुट्टी मिळत नाही. येथून जवळच स्टुटगार्टला बरीच मराठी कुटुंबे आहेत, मुंबईशी त्या शहराचे १९६८ पासून भगिनी शहराचे नाते आहे. पाडव्याला मी त्यांच्याकडे जाईन, एकटी राहणार नाही.

पैशांचे असे की, ४०,००० रुपये पाठवले आहेत, ते आठवड्याभरात खात्यावर येतील. त्यातून सोसायटीचा हप्ता आधी भरावा, कारण थकला तर पुढच्या हंगामाचे पीककर्ज अडेल. उरलेले धाकट्याच्या फीला द्यावेत. चाळीच्या पत्र्यांसाठी डिसेंबरात वेगळे पाठवते. माझ्याकडे पुरेसे राहतात, नानांनी माझ्यासाठी काही उचल घेऊ नये.

पिंपळगावच्या स्थळाबद्दल मामांचा निरोप मिळाला. मी नाही म्हणत नाही. फक्त परीक्षा होईपर्यंत साखरपुड्याचा आग्रह धरू नका, आणि मुलाकडच्यांना मी कोणते काम करते ते आधी स्पष्ट सांगा. "हॉटेलात नोकरी आहे" असे म्हणून वेळ मारून नेऊ नका. माळकरी घर आहे, त्यांनी नकार दिला तर मला वाईट वाटणार नाही, आणि होकार दिला तर सगळे माहीत असून दिलेला असावा. आत्याच्या मुलीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, तिच्या आहेराची साडी आईने आपल्या पसंतीने घ्यावी, पैसे मी देईन.

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची लेक

ता. क. हप्ता भरल्यावर सोसायटीच्या सचिवांकडून शिक्क्याची पावती घ्यावी आणि तिचा फोटो धाकट्याकडून मला पाठवावा.