भरलेल्या पैशांची पावती

कोलंबस, ओहायो
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, याची मनापासून खंत वाटते. आम्ही सारे ठीक आहोत. माझी साखर गोळ्यांवर ताब्यात आहे. आज लिहायला बसलो ते एका पावतीवरून, आणि पावतीचे दुःख तुझ्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत ओम बर्फावर घसरला आणि रात्री इमर्जन्सीत नेऊन त्याच्या हाताला प्लास्टर घालावे लागले, हे तुला तेव्हा फोनवर सांगितले होते. त्याआधी दोनच महिने मी नोकरी बदलली होती आणि नोकरीबरोबर विमा कंपनीही बदलली होती. इस्पितळाने बिल जुन्या कंपनीकडे पाठवले, तिने ते नाकारले आणि १,८४६ डॉलरची सगळी रक्कम माझ्या नावावर चढली. मी भांडून ते बिल नव्या कंपनीकडे पाठवायला लावले, तिने आपला वाटा उचलला, माझ्या वाट्याचे ३१२ डॉलर मी कार्डाने भरले, आणि विषय मिटला असे समजून ऑगस्टमध्ये आम्ही घर बदलले. पण खाते तोवर वसुली कंपनीकडे गेलेले होते, आणि तिची पत्रे जुन्या पत्त्यावर पडत राहिली.

गेल्या महिन्यात गृहकर्जाचा अर्ज केला, तेव्हा बँकेतल्या बाईंनी माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्याकडचे सिबिल, समोर ठेवला आणि एका ओळीवर पेन टेकवले: 'मेडिकल', पुढे १,८४६, त्याच्यापुढे 'कलेक्शन'. आयुष्यात कोणाचा हप्ता चुकवला नाही रे मी. त्या रात्री झोप लागली नाही.

इथे इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन अशा तीन कंपन्या प्रत्येकाची पत ठरवतात. फेडलेली वैद्यकीय थकबाकी त्यांनी जुलै २०२२ पासून रिपोर्टमधून काढली, आणि मूळ रक्कम ५०० डॉलरच्या आत असेल तर तीही एप्रिल २०२३ मध्ये काढून टाकली. माझे देणे ३१२ चे होते आणि ते फेडलेले होते, म्हणजे दोन्ही नियमांनी ही ओळ तिथे असायलाच नको. पण वसुलीवाल्यांच्या दप्तरी अजून १,८४६ च आहेत. वैद्यकीय थकबाकी रिपोर्टमधून सरसकट वगळण्याचा सरकारी नियम यंदा जानेवारीत जाहीर झाला होता. तो टिकता तर हे पत्र लिहावे लागले नसते; जुलैमध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला.

तुझी वहिनी म्हणते, घर हातचे जाईल, भरून टाक. भरले तर नोंद पुसली जाईल, हे खरे आहे, आणि तिची काळजीही खरी आहे. पण माझे मन धजत नाही. तुझी ती मेसची पावती आठवते? तुझ्या बिस्किटाच्या डब्यातून ती मी स्कोअर लिहायला काढली आणि हरवली, आणि तुला ३८० रुपये दुसऱ्यांदा भरावे लागले. तू तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीस. मी पैसे देऊ केले तेव्हा म्हणालास, "पैशांचं नाही रे, मी भरले होते हे आता कोणी मानत नाही." मला तेव्हा तो तुझा चिक्कूपणा वाटला. परवा वसुलीवाल्याशी फोनवर इंग्रजीत बोलता बोलता हेच वाक्य माझ्या तोंडून मराठीत निघाले, आणि ओम माझ्याकडे बघत राहिला.

तो माणूस म्हणत होता, आज निदान ५० डॉलर तरी भरा. मी भरले नाहीत, कारण थोडे जरी भरले तरी बऱ्याच राज्यांत वसुलीसाठी कोर्टात दावा लावण्याची मुदत नव्याने सुरू होऊ शकते. नोंद सात वर्षांनी आपोआप गळते, पण म्हणजे २०२८ उजाडेल. बँकेकडून साडेचार वर्षांपूर्वीच्या कार्डाच्या हिशोबाचे पान काढून घेतले, त्याला विमा कंपनीचे पत्रक जोडले आणि २२ सप्टेंबरला तिन्ही कंपन्यांना रजिस्टर टपालाने तक्रार पाठवली. वसुलीवाल्यांकडेही कर्जाचा पुरावा मागितला आहे. तक्रारीच्या तपासाला साधारण ३० दिवसांची मुदत असते आणि घराच्या कराराची मुदत २८ ऑक्टोबरला संपते. पोचपावतीची दोन हिरवी कार्डे सहीनिशी परत आली आहेत. तिसऱ्यासाठी रोज टपालपेटी उघडून बघतो.

मनालीची बारावी कशी चालली आहे? काकूंचा गुडघा बरा असेल. त्यांना नमस्कार सांग.

आणि एक. ते ३८० रुपये तुला शेवटी कॉलेजने परत दिले का, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलेच नाही. कळव.

तुझाच,
श्रीकांत