कुसुमला, त्या सुईबद्दल

नाशिक, रविवार दुपार

प्रिय कुसुम,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. राग धरला असशील तर धर, तुझा हक्कच आहे. माझं बीपी गोळीवर आहे, ह्यांचा मोतीबिंदू निघाला, बाकी ठीक. फोनवर बोलायला गेले असते तर नुसती रडले असते, म्हणून लिहितेय.

जुलैत ओमला ताप भरला. दुसऱ्या दिवशी तोंडात फोड, मग तळहातांवर, तळपायांवर. सून म्हणाली कांजिण्या. डॉक्टर म्हणाले, हा हात-पाय-तोंडाचा आजार, एन्टेरोव्हायरसचा, म्हणजे पोटात वाढणाऱ्या विषाणूचा. बालवाडीतल्या आणखी चौघांना झालाय, आठवड्यात उतरेल. बहुतेकांचा उतरतोच. ह्याचा पाचव्या दिवशीही उतरेना, तेव्हा अमित म्हणाला, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन एक इंजेक्शन मारून आणतो.

कुसुम, मी दारात आडवी उभी राहिले. "सुई टोचायची नाही," एवढंच ओरडत होते. सून माझ्याकडे बघतच राहिली. घरात कुणाला काही उमगलं नाही. तुला उमगलं ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओम पलंगावरून उतरला आणि खाली बसला. डावा पाय भारच घेईना. डावाच गं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि आधी एक फोन केला. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की कारण काहीही असो, सरकारला कळवावं लागतं, पोलिओ तर नाही ना हे बघायला. त्याच दिवशी एक डॉक्टरीणबाई हजर. शौचाचे दोन नमुने हवेत, मध्ये किमान चोवीस तासांचं अंतर, आणि लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत. नेमकं तेव्हाच ह्या पठ्ठ्याला होईना! ह्यांनी केळी भरवली, अमितने गाणी म्हटली, अख्खं घर त्या भांड्याभोवती बसलेलं. तुझ्या पहिल्या बाळंतपणातसुद्धा आपण इतकी वाट पाहिली नव्हती. शेवटी झालं तेव्हा टाळ्या वाजल्या. दोन चमचे एका डबीत, डबी पिशवीत, पिशवी बर्फाच्या पेटीत, आणि पेटी मुंबईला, परळला, हाफकिनच्या आवारातल्या प्रयोगशाळेत.

मी बाईंना विचारलं, पोलिओ गेला ना? मग ही पेटी कशाला? त्या म्हणाल्या, आजी, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. पण शेजारच्या देशांत तो अजून आहे. बघणं थांबवलं तर परत आलेला कळेल कसा? मुंबईत तर २००१ पासून गटाराचं पाणीही तपासतात म्हणे. एकही मूल लुळं पडायच्या आधी पाण्यात विषाणू दिसावा म्हणून. लोक कुठे कुठे हात घालून आपली पोरं राखतात, कुसुम! त्या बाईंना मी बळेच चहा पाजला.

मग छप्पन्न वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न मी त्यांना विचारला. नावं सांगितली नाहीत. म्हटलं, एका तीन वर्षांच्या मुलाला ताप होता, आई शेतावर होती, दोन पोरींनी फडताळातल्या डब्यातले आठ आणे घेतले आणि त्याला कंपाउंडरकडे नेऊन सुई टोचून आणली. तिसऱ्या दिवशी सुई टोचली तोच पाय गेला. सुईने गेला का?

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण अर्धं सांगितलं तर तू उरलेलं ओढून काढशीलच. पोलिओ सुईतून आला नाही. तो आधीच पोटात होता, पाण्यातून किंवा हातांतून गेलेला. पण अंगात पोलिओ असताना दंडात किंवा मांडीत सुई टोचली, तर त्याच जागी लुळेपणा यायचा धोका वाढतो, हेही खरं. तेव्हा कंपाउंडरला ठाऊक नव्हतं, पोरींना कुठून असणार. आणखी एक. दोनशे जणांना लागण झाली तर साधारण एकालाच पक्षाघात होतो. म्हणजे वाड्यातल्या आपल्या सगळ्यांच्या पोटात तो येऊन गेला असेल. तुझ्या, माझ्या, सुम्मीच्याही. दिगू तेवढा सापडला. आणि सरकारी लसीकरणात पोलिओचा डोस आला १९७९ मध्ये. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे पट्टे स्वतः आवळायचा.

सुमनच्या लग्नात मी तुला म्हटलं होतं, "सुई दिली की ताप उतरतो, हे तूच बोललीस." तू म्हणालीस, "आठ आणे कुणी काढले?" पुढे चार वर्षं आपण बोललो नाही. कुसुम, बोलणं तुझं होतं, आठ आणे मी काढले. दोन्ही खरं. मी तुझ्या एकटीवर ढकललं, ते चुकलं माझं.

अहवाल आला. पोलिओ नाही, दुसराच एन्टेरोव्हायरस. ओमचा पाय हळूहळू भरत आला. गेल्या आठवड्यात साठाव्या दिवसाची तपासणी झाली. बाईंनी त्याला टाचांवर चालवलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या. डाव्या पायावर तीन मारल्या. मध्यंतरी नखं कापताना अंगठ्याचं आख्खं नख माझ्या हातात आलं, माझा जीवच गेला. पण खाली गुलाबी नवं नख होतं. ह्या आजारानंतर महिन्याभराने असं होतं म्हणे.

तुझ्या नातीचं दहावीचं कळलं, शाब्बास म्हणावं तिला. गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं? कराडचं घर विकणार हे खरं का?

दिगूला मी ओमचं सांगितलंय. त्या दिवसाचं नाही. त्याला अजून वाटतं, नुसत्या तापाने पाय गेला. मला सांगायचंय, पण एकटीने नाही. दिवाळीत तो कराडला येतोय. तू येशील ना?

तुझी,
इंदू