फक्त विरामचिन्हे घालून दिल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

कोणी चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुमचे नाव कुठेही घालायचे नाही ही तुमची अट मी पाळली आहे; पत्रच लिहायचे नाही अशी अट तुम्ही घातली नव्हती. परवा एका कारखान्यातून फोन आला. पलीकडच्या देखभाल अभियंत्याने नमस्कार-चमत्कार न करता थेट विचारले, "तुमच्या लेखात लिहिल्या आहेत तशाच भेगा आमच्या सीलवर दिसताहेत. म्हणजे पंप कोरडा चालला असणार ना?" फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आमच्या पंप-सीलच्या व्यवसायाच्या ज्या ब्लॉगची मला दोन वर्षे लाज वाटत होती, तो हा गृहस्थ बंद पडलेल्या पंपाशेजारी उभा राहून वाचत होता.

तुमच्याआधी ब्लॉगचे हे काम एका जाहिरात संस्थेकडे होते. तिचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तशा संस्था पुष्कळ आहेत. महिन्याला बारा लेख, असा करार होता, आणि तो त्यांनी अगदी इमानाने पाळला, हेच दुर्दैव. 'उद्योगक्षेत्रात पंपांचे महत्त्व', 'योग्य पंप निवडण्याच्या दहा सोप्या युक्त्या' अशी एकेक शीर्षके येत गेली. खालचा मजकूर पंपाऐवजी पंख्याला लावला असता तरी फारसा फरक पडला नसता. आम्ही पंपांची यांत्रिक सील, म्हणजे फिरत्या शाफ्टपाशी (दांड्यापाशी) गळती रोखणारे भाग, बनवतो आणि दुरुस्त करतो, एवढे तरी त्यांना कळले असेल अशी माझी समजूत होती. ती एका सकाळी संपली. त्या दिवशीच्या लेखावर त्यांनी लाखेच्या मोहरेचे चित्र लावले होते.

चौकशीचे फोन का येत नाहीत असे विचारले, की ते वर चढत जाणारा आलेख दाखवत आणि ब्रँडविषयीची जाणीव वाढते आहे असे सांगत. प्रत्येक पानाच्या पोटात त्यांनी शोधयंत्रांना दाखवायच्या शब्दांची लांबलचक यादी दडवून ठेवली होती. शोधनिकालांचा क्रम लावताना आपण त्या यादीकडे पाहतच नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते, आणि फेब्रुवारी २०११ पासून पोकळ मजकूर मागे ढकलायला सुरुवातही केली होती. हे मला तुमच्याकडून कळले, तेही मी खोदून विचारल्यावर. त्या संस्थेबद्दल वाईट शब्द तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. ती उणीव या पत्रात मी भरून काढतो आहे. जाता जाता त्यांनी संकेतस्थळाची रचना बदलली आणि सगळ्या पानांचे पत्ते मोडून ठेवले. सील बसवण्याची आमची जी एकमेव उपयोगी आकृती जुन्या ग्राहकांनी जपून ठेवली होती, तिच्या जागी 'पान सापडले नाही' असे दिसू लागले. पहिल्याच आठवड्यात जुने पत्ते नव्या पानांकडे वळवून तुम्ही ते निस्तरले आणि त्याचा उल्लेखही केला नाहीत.

पण आभार मानायचे आहेत ते याहून लहान गोष्टीबद्दल. पहिल्या भेटीला तुम्ही आलात तेव्हा मी सादरीकरणाची तयारी करून बसलो होतो. तुम्ही ते पाहिलेच नाही. टेबलाखालच्या भंगाराच्या ट्रेमधून एक निकामी सील उचलले, त्यावरचे काळे तेल बोटाने पुसले आणि विचारले, "हे कशाने गेले?" मी सांगू लागलो. सीलच्या दोन चकत्यांपैकी एक स्थिर असते आणि दुसरी तिला लागून फिरते, पण त्यांच्यामध्ये द्रवाचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर असतो आणि त्यावरच त्या तगून राहतात. पंपात द्रव नसताना तो चालवला, की हा थर नाहीसा होतो, चकत्या तापतात आणि कडक चकतीवर मध्याकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक भेगा पडतात. मग सील नवे घातले तरी आठ दिवसांत पुन्हा गळते, आणि शिव्या मात्र सील बनवणाऱ्याला बसतात. मध्येच आमचे फिटरकाका आले आणि त्यांनी माझी एक चूक दुरुस्त केली. तुमचा फोन टेबलावर ध्वनिमुद्रण करत होता; तशी परवानगी तुम्ही आधीच घेतली होती, पण दहा मिनिटांत मी ते विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी तुमचे पत्र आले. त्यात माझेच बोलणे होते, शब्दाला शब्द. फिटरकाकांची दुरुस्तीही जशीच्या तशी, त्यांच्या नावासह. वर तुम्ही एवढेच लिहिले होते, "हा तुमचा पहिला लेख. मी फक्त विरामचिन्हे घातली आहेत."

ताई, त्या ओळीने माझे काय झाले हे तुम्हाला कधी सांगितले नाही. आपल्याला लिहिता येत नाही अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या संस्थेने ती दोन वर्षे व्यवस्थित पोसली होती, कारण त्यांचा धंदाच तिच्यावर उभा होता. मी पाठवलेले टिपण 'व्यावसायिक' करून परत येई, तेव्हा त्यात माझे एकही वाक्य शिल्लक नसे. तुम्ही मात्र माझे 'सील बोंबलते' हे शब्दसुद्धा काढले नाहीत. मीच घाबरून विचारले, तेव्हा म्हणालात, "ग्राहक फोनवर हेच म्हणतात ना? मग शोधतानाही हेच लिहीत असतील." आम्ही 'यांत्रिक सीलची कार्यक्षमता' लिहीत होतो आणि लोक 'पंपातून पाणी गळते' असे शोधत होते. लोक काय शोधत आपल्या संकेतस्थळापर्यंत येतात हे दाखवणारे गूगलचे सर्च कन्सोल संकेतस्थळाच्या मालकाला विनामूल्य पाहता येते, आणि ते उघडून तुम्ही दाखवलेत तेव्हा ते शब्द तिथे ओळीने मांडलेले होते.

पुढचा लेख 'सील बदलण्याआधी थांबा' हा. बेअरिंग झिजले असेल किंवा पंपाचा आणि मोटरचा शाफ्ट एका रेषेत नसेल, तर नवे सील विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात, असे त्यात सरळ लिहायचे होते. आपल्याच हाताने गिऱ्हाईक परत पाठवायचे, म्हणून मी तो तीन आठवडे अडवून ठेवला. तुम्ही वाद घातला नाहीत. जॉन डिअर या अवजारांच्या कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी नियतकालिक काढले, त्यात अवजारांच्या जाहिरातीपेक्षा शेती कशी करावी यावर भर होता आणि ते आजही निघते, एवढे सांगून गप्प बसलात. आज सर्वाधिक फोन त्याच लेखावरून येतात, आणि आलेला माणूस अर्धे निदान स्वतःच करून आलेला असतो. गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत 'अनुभव' हा निकष जोडल्याचे तुम्ही सांगितलेत, तेव्हा मला हसू आले. आमच्या कार्यशाळेत तो फिटरकाकांच्या रूपाने कैक वर्षे बसून होता; कोणी विचारलेच नव्हते.

सगळेच जमले असे नाही. व्यवसायाच्या वर्धापनदिनी मी हट्टाने लिहिलेला हळवा लेख घरच्यांशिवाय कोणी वाचणार नाही, असे तुम्ही बजावले होते. घरच्यांपैकीही सगळ्यांनी वाचला नाही.

वर्षभरात आपले अवघे अकरा लेख झाले. जास्त लेख म्हणजे तुमचे मानधन जास्त, हा हिशेब मला समजत होता, तरी "सांगण्यासारखे असेल तेव्हाच लिहा" असे तुम्हीच म्हणत राहिलात, आणि वर्ष संपताना आता माझी गरज नाही असे सांगून स्वतःहून बाजूला झालात. समोरच्याला आपल्यावाचून अडू नये अशा बेताने काम करणारी माणसे मला धंद्यात फार थोडी भेटली. त्यांच्यासमोर फसवल्या गेलेल्या माणसाला आपल्या अज्ञानाची लाज वाटत नाही, आणि मला तरी तेव्हा सल्ल्यापेक्षा त्याचीच गरज जास्त होती.

बारावा लेख मी तुमच्याविना लिहिला आहे. फिटरकाकांना मोठ्याने वाचून दाखवला. ऐकताना ते जिथे दोनदा अडखळले, ती दोन्ही वाक्ये बदलली. पहिल्या खर्ड्यात 'अत्याधुनिक' हा शब्द एकदा येऊन गेला होता. तो खोडला आहे. विरामचिन्हे तेवढी एकदा पाहून द्यावीत.

तुमचा ऋणी,
सीलवाला