माहेरी जाताना गोळ्यांचं काय करायचं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

१ डिसेंबर, जागतिक एड्स दिन, आला की सगळ्या पेपरांत लाल रिबीन, कॉलेजच्या पोरांची रॅली, आणि मग वर्षभर कुणी नाव काढत नाही. मी पुण्यात एका सरकारी दवाखान्यात एचआयव्ही टेस्टिंगच्या खोलीत काउन्सेलर होते, आता रिटायर झालेय. तुम्हाला विचित्र वाटेल पण एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची ती डोहाळजेवणाची. कारण डोहाळजेवण झालं की पोरगी माहेरी जाते.

औषधाचं म्हणाल तर ते आहे, आणि फुकट आहे. २०१४ पासून गरोदर बाईचा सीडी फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) किती हे न बघता लगेच आणि कायमची औषधं सुरू करतात, आता तर बहुतेकींना रोजची एकच गोळी. काहीच केलं नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते आणि औषधं नीट चालू असली तर हेच प्रमाण पाचाच्या खाली येतं. पोटात असताना, बाळंत होताना, दूध पाजताना, तिन्ही वेळा धोका असतो त्यामुळे मधेच खंड पडून चालत नाही, आणि खंड नेमका माहेरी पडतो.

आता हिशोब बघा. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, बघायचा तो ३२ ते ३६ आठवड्यांत, कारण त्यावरून जन्मल्यावर बाळाला एक औषध द्यायचं का दोन ते ठरतं. तेव्हा ही स्वारगेटवरून एसटी पकडून कधीच गेलेली असते. बाळ जन्मलं की लगेच नेविरापीनचं सिरप, लागण टाळायचं औषध, रोज, सहा आठवडे, काही बाळांना बारा. बाळ सहा आठवड्यांचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पीसीआरची टेस्ट, जी थेट विषाणूच शोधते. म्हणजे सव्वा महिना होतो न होतो तोच, आणि घरात आजी म्हणते एवढ्यात बाळाला बाहेर काढायचं नाही, वारा लागेल. पोरगी काय सांगणार? सांगितलं तर आईबापाला कळणार, मग भावजयीला, मग गल्लीला.

एक मुलगी आठवते, हडपसरकडची, माहेर मराठवाड्यात. गोळ्यांच्या डबीचं लेबल खरवडून त्या पावडरच्या डब्यात घालून नेल्या होत्या, तीन आठवडे चाललं, मग काकूने विचारलं कसल्या गं या, ही म्हणाली कॅल्शियमच्या, काकू म्हणे मग मला पण दे गुडघे दुखतात, झालं, हिने घाबरून डबा विहिरीत टाकला. तिकडच्या एका दवाखान्याने आमच्याकडे अशा बाळंतपणाची सोय नाही म्हणून परत पाठवलं (तेव्हा कायदा यायचा होता, आता २०१७ चा कायदा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत). ती परत आली तेव्हा बाळ चार महिन्यांचं. बाळ पॉझिटिव्ह निघालं. औषध लगेच सुरू झालं म्हणून ते आज शाळेत जातंय. औषध नाही मिळालं तर अशी निम्मी बाळं दोन वर्षांची पण होत नाहीत.

आणि ती बाळगुटी! पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आम्ही घसा कोरडा करून सांगायचो. पण पाचवीच्या आधीच मधाचं बोट, मग जायफळ, वेखंड, हळकुंड उगाळून, वर गाईचं पाणी घातलेलं दूध. आतडं नाजूक असतं, वरचं काही आणि अंगावरचं दूध एकत्र चालू राहिलं की लागण व्हायचा धोका वाढतो. आजीचा हेतू चांगला असतो हो, पण तिला सांगणार कोण आणि काय म्हणून?

अजून एक. बाळाची साधी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून रडत येणारे लोक खूप बघितले. साधी टेस्ट अँटीबॉडी बघते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर जे बनवतं ते, आणि आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत सापडू शकतात, म्हणून तर पीसीआर. आणि नवरे, त्यांचं काय सांगू, टेस्टला या म्हटलं की गाडी पंक्चर. बायको तिसऱ्या महिन्यात निगेटिव्ह आणि नंतर त्याच्याकडून लागण, तेही दूध पाजत असताना, असं पण होतं.

गंमत म्हणजे ते नेविरापीनचं सिरप सहा आठवडे द्यायचं की नाही याचा जो अभ्यास २००८ साली छापून आला त्यात इथिओपिया आणि युगांडाबरोबर आपलं पुणं होतं, बी. जे. मेडिकल. पुण्याच्या बायकाबाळांवर जगाने अभ्यास केला आणि आपण अजून लेबलं खरवडतोय.

तेव्हा लागण झालेली बाळं आता मोठी झालीत. रक्तवाढीच्या म्हणून दिलेल्या गोळ्यांचं नाव ती चौदाव्या वर्षी मोबाईलवर टाकतात आणि मग आईशी बोलायची बंद होतात, किंवा होस्टेलला जाऊन गोळ्या सोडतात. दहाव्या वर्षापासून थोडं थोडं सांगावं हे मी प्रत्येक आईला म्हणायचे, ऐकलं फार थोड्यांनी.

एक विनंती आहे. तुमच्या पुरवणीत डोहाळजेवणाच्या फुलांच्या दागिन्यांवर अर्धं पान येतं, मी आवडीने वाचते. त्याच पानावर एक छोटी चौकट टाका. माहेरी जायच्या आधी आपल्या एआरटी सेंटरला (जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात) सांगा, ते माहेरजवळच्या सेंटरला कळवतात, गोळ्या तिथे मिळतात. बाळाचं सिरप कुठे मिळेल, सहा आठवड्यांची टेस्ट कुठे होईल तेही आधीच विचारून ठेवा. काही अडलं तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे, नाव विचारत नाहीत.

एक रिटायर्ड काउन्सेलर, पुणे
(नाव छापू नये. मला रस्त्यात ओळखणाऱ्या बायका आहेत, माझ्यामुळे त्यांच्याकडे कुणी बघायला नको.)