माझ्या टेबलावरचा शाफ्ट

प्रिय छकुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, माझ्या कामाला कुणी नाव ठेवत नाही. पण मीटिंग संपली की सगळे बोलत बोलत बाहेर पडतात आणि मी एकटी लॅपटॉप आवरत बसते." तेव्हा मी "होईल हळूहळू" असं काहीतरी बोलून गेले. फोन ठेवल्यावर मात्र तुझं ते वाक्य दोन दिवस मनातून हललं नाही. सांगायचं होतं ते आता नीट लिहून सांगते.

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला तो लोखंडी दांडा आठवतो? लहानपणी तू विचारलं होतंस की हा कशाचा आहे, आणि "कामाचा आहे" म्हणून मी तुला वाटेला लावलं होतं. तो शाफ्ट आहे, म्हणजे मशीनमधला फिरणारा दांडा. माझ्या चुकीमुळे भंगारात गेलेल्या २४ शाफ्टांपैकी एक.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं, मी ड्रॉइंग ऑफिसात होते. शाफ्ट ४० मिलिमीटर जाडीचा, त्यावर बेअरिंग, म्हणजे त्याला फिरताना आधार देणारं कडं, बसायचं. ते घट्ट बसावं म्हणून शाफ्ट नेमक्या मापाहून काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग, जाड ठेवायचा असतो. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, लिहिताना मी अधिकच्या जागी वजा लिहिलं. ड्रॉइंग खाली गेलं, मशीनवाल्यांनी ड्रॉइंगबरहुकूम काम केलं, आणि सगळा लॉट बारीक निघाला.

टूलरूमच्या फोरमननी मला बोलावून घेतलं. आता सगळ्यांसमोर पाणउतारा होणार असं धरूनच मी गेले. त्यांनी माझ्या एका हातात शाफ्ट दिला, दुसऱ्या हातात बेअरिंग, आणि म्हणाले, "बसव." प्रेसवर दाब देऊन बसवावं लागतं ते बेअरिंग माझ्या अंगठ्याने सरकन आत गेलं. त्या गुळगुळीत सरकण्याची आठवण आजही बोटांत आहे. माझे डोळे भरून आले. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि स्वतःचं सांगायला लागले. उमेदवारीच्या काळात त्यांनी एका मोठ्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, नको त्या बाजूने भोक पाडलं होतं. कुणाला कळू नये म्हणून रात्रपाळीत त्यात प्लग ठोकला, घासून सारखा केला, वर रंग दिला. मशीन गिऱ्हाइकाकडे गेलं, तिथे तेल गळायला लागलं आणि जाब द्यावा लागला तो त्यांच्या उस्तादांना. "भोक पाडलं ते उस्ताद विसरले," ते म्हणाले, "बुजवलं ते शेवटपर्यंत विसरले नाहीत." एवढं बोलून ते उठले आणि कामाला लागले.

पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. पण ते निवृत्त होईपर्यंत माझं एकही ड्रॉइंग त्यांना दाखवल्याशिवाय पुढे गेलं नाही. तसा नियम नव्हता. त्यांच्याकडे अर्धवट, शंका असलेला कागद घेऊन जायची मला लाज वाटेनाशी झाली होती, एवढंच. ते मला रागावले असते तर मी पुढची चूक त्यांच्यापासून लपवली असती, हे मी खात्रीने सांगते.

पुढे बऱ्याच वर्षांनी एमी एडमंडसन या संशोधिकेचं काम वाचनात आलं. १९९०च्या दशकात त्या रुग्णालयांतल्या टीममध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असं त्यांना वाटलं होतं, आकडे उलटे आले. त्या टीम जास्त चुकत होत्या म्हणून नव्हे, तर तिथले लोक झालेली चूक उघड बोलत होते म्हणून. वाचताना मला आमच्या टूलरूममधलं ते स्टूल दिसत होतं.

तू रुजू झाल्या झाल्या हे मी तुला का नाही सांगितलं, त्यालाही कारण आहे. १९६६ मध्ये एलियट ॲरॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. प्रश्नमंजूषेत भाग घेणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग विद्यार्थ्यांना ऐकवलं. बहुतेक उत्तरं बरोबर देणाऱ्या हुशार माणसाच्या हातून शेवटी कॉफी सांडली, तर तो लोकांना जास्त आवडला. यथातथा उत्तरं देणाऱ्याच्या हातून सांडली, तर तो होता त्याहूनही मनातून उतरला. आधी हाताला काम येतं हे लोकांना दिसू दे, मग धडपडल्याचं सांग. तुझं काम आता सगळ्यांना दिसलेलं आहे.

आणि एकदम सगळं सांगू नकोस. १९९७ मध्ये आर्थर ॲरन यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना ३६ प्रश्न दिले होते. पाऊण तासात, सोप्या प्रश्नांपासून हळूहळू खोल जात, दोघांनी आळीपाळीने उत्तरं द्यायची. नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. माझ्या मते यातला सगळ्यात मोलाचा शब्द 'आळीपाळीने' हा आहे. आपलं थोडं सांगायचं आणि थांबायचं. समोरच्याचं सुरू झालं की मध्ये "माझंही अगदी असंच झालं होतं" म्हणत त्याचा धागा आपल्याकडे ओढायचा नाही. ही खोड मला होती, ती मोडायला फार वर्षं लागली.

एक गोष्ट तुला सांगायला अजूनही जड जातं. एका मोठ्या गिऱ्हाइकासमोर आमची टीम किती जीव लावून काम करते हे सांगताना मी एका सहकाऱ्याच्या घरातल्या आजारपणाची हकीकत सांगितली. घरी काय चाललंय आणि तरी त्याने काम कसं वेळेत दिलं, असं सगळं कौतुकाने. ऐकणारे हेलावले. तो समोरच बसला होता, वहीत पेनाने एकच रेघ पुन्हा पुन्हा गिरवत. नंतर मी माफी मागितली, तो "असू दे" म्हणाला. त्यानंतर आम्ही अनेक वर्षं शेजारी काम केलं, पण कामापलीकडचा एक शब्द तो माझ्याशी बोलला नाही. ती हकीकत त्याची होती. तिचा उपयोग मी काम मिळवायला केला, आणि ते त्याला कळलं होतं.

तेव्हा मीटिंगमध्ये सांगायला काही गोष्टी बेतून ठेव, असं मी तुला मुळीच सांगत नाही. तुझा तो दोन ओळींचे कोरडे मेल पाठवणारा सीनियर आहे ना, त्याला पुढच्या वेळी मेलने न विचारता जाऊन भेट. तुझा पहिला रिपोर्ट कसा परत आला होता आणि तू रात्रभर कशी जागलीस, ते सांग. मग त्याची सुरुवात कशी झाली ते विचार आणि ऐकत बस. तो बोलला नाही तरी बिघडत नाही, उठून कामाला लाग.

पुढच्या खेपेला आलीस की हा शाफ्ट घेऊन जा. मी पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलाय. तुझ्या टेबलावर पाहून कुणीतरी विचारेलच, हा कशाचा म्हणून. तुला लहानपणी दिलं तसं उत्तर त्यांना देऊ नकोस.

तुझी,
आई